तुळजापूरला निघताना कुत्र्याची सोय: परदेशात नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

परदेशातल्या मराठी माणसाची भारतवारी आठवडाभरात उरकत नाही. एकदा तिकीट काढलं की आई-वडील, सासर-माहेर, एखादं लग्न आणि कुलदैवत, सगळं त्यातच बसवावं लागतं. ज्यांची कुलस्वामिनी तुळजाभवानी, त्यांना तुळजापूर चुकवता येत नाही. नवी सून आली, बाळ झालं, घर घेतलं, की देवीची ओटी भरायची आणि गोंधळ घालायचा. तीन-चार आठवडे सहज जातात. घरात कुत्रा असेल तर तेवढ्या रात्री तो कुठेतरी ठेवायचा आणि प्रत्येक रात्रीचे पैसे मोजायचे. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलियात बरीच वर्षं काढलेली घरं नव्याने आलेल्यांना याबाबत जे सांगतात, ते इथे एकत्र केलं आहे. त्याचं सार एवढंच: कुत्र्याची सोय आधी, तिकीट नंतर.

सोबत न्यावा का?

पहिला प्रश्न प्रत्येकाच्या मनात हाच येतो, आणि सुट्टीपुरतं जायचं असेल तर उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. सामानासोबत पाळीव प्राणी भारतात आणण्याची सवलत मुख्यतः परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परतणाऱ्यांसाठी आहे. त्यालाही पशु विलगीकरण विभागाचा ना-हरकत दाखला आधी घ्यावा लागतो.

त्याहून अवघड भाग परतीचा. रेबीजच्या दृष्टीने भारत जोखमीच्या देशांत मोडतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे (सीडीसी) नवे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, त्याला मायक्रोचिप हवी, आणि भारतात जाऊन परत येणार असेल तर अमेरिकेत दिलेल्या रेबीज लसीचा सरकारी शिक्क्याचा दाखला निघण्यापूर्वीच तयार हवा. युरोपीय संघात परतताना रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी लागते. ती निघण्याआधी करून कुत्र्याच्या पासपोर्टवर नोंदवली नसेल, तर तीन महिने थांबावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर भारतातून कुत्रा थेट परत आणताच येत नाही. चार आठवड्यांच्या भेटीसाठी कुत्र्याला विमानातून न्यायचं आणि परतीच्या दारात अडकवायचं, असा धोका कोणी पत्करू नये.

रात्रीचा दर आणि खरा खर्च

नवखे लोक वेबसाइटवरचा रात्रीचा दर बघतात आणि तेवढाच गुणतात. सर्वसाधारण अंदाज असा: अमेरिकेत चांगल्या केनेलमध्ये रात्रीला ४० ते ७५ डॉलर, मोठ्या शहरांत त्याहून जास्त. इंग्लंडमध्ये २० ते ४० पौंड. जर्मनीत २० ते ४० युरो. कुत्र्याचा आकार, शहर आणि हंगाम यांवर हे आकडे वरखाली होतात, म्हणून आपल्या गावातले तीन दर लेखी मागवा.

एक नमुना हिशेब बघू. २४ रात्री, रात्रीला ५० डॉलर: १,२०० डॉलर. नाताळच्या आठवड्यातल्या ८ रात्रींना जादा १० डॉलर: ८०. रोजच्या गोळीचे ३ डॉलर: ७२. निघण्यापूर्वीच्या लसी आणि तपासणी: १००. घरी नेण्याआधीची आंघोळ: ५०. दुपारनंतर न्यायला आलात म्हणून जादा दिवसाचे: ३५. एकूण १,५३७ डॉलर. नुसता दर पाहून धरलेल्या रकमेपेक्षा हे ३३७ डॉलर जास्त झाले. घरात दोन कुत्री असतील तर एकाच खोलीत ठेवल्यावर दुसऱ्याला बहुधा सूट मिळते, पण ती मागावी लागते. तीन आठवड्यांहून जास्त मुक्कामाचा वेगळा दर आहे का, तेही विचारा. लांबच्या मुक्कामाला सूट देणारी केनेल बरीच आहेत, फक्त दरपत्रकावर ती नेहमी दिसत नाही.

अजून एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. काही ठिकाणी रात्री मोजतात, काही ठिकाणी दिवस. इंग्लंडमधली अनेक केनेल सोडण्याचा आणि नेण्याचा असे दोन्ही दिवस पूर्ण धरतात, त्यामुळे २४ रात्रींचे २५ दिवस होतात.

तारखा ठरवताना देवीचंही वेळापत्रक बघा

तुळजापूरला जाणाऱ्या घरांना ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि नेमका तिथेच पैसा जातो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून पलंगावर निद्रेसाठी नेतात. नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वी मोहनिद्रा. या दिवसांत सिंहासनावरचे नेहमीचे अभिषेक होत नाहीत. शाकंभरी नवरात्र बहुधा डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात येतं, आणि मुलांना नाताळची सुट्टीही तेव्हाच असते. पंचांग न बघता गेलात आणि मोहनिद्रेत पोहोचलात, तर अभिषेकासाठी मुक्काम वाढतो. इकडे केनेलमध्ये तेवढ्याच रात्री वाढतात, त्याही सर्वांत महागड्या हंगामात.

म्हणून तिकिटाआधी आपल्या घराण्याच्या पुजाऱ्यांना फोन करा आणि कुलधर्माचा दिवस नक्की करा. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून लाखो भाविक पायी येतात आणि त्या मार्गावरची वाहतूक वळवली जाते, हेही हिशेबात धरा. सोलापूर ते तुळजापूर अंतर जेमतेम ४५ किलोमीटर. मुंबईहून सोलापूरला फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत गाडी आहे. हैदराबादला उतरणाऱ्यांना सोलापूर महामार्गाने नळदुर्गवरून येता येतं. तुळजापूर तालुक्यातच अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे. बऱ्याच घरांत भवानीबरोबर खंडोबाचंही दर्शन घेतात, तेव्हा तो दिवसही आधीच मोजा. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतोच. त्या देवाच्या दर्शनाला जाताना आपल्या दारातल्या मुक्या जीवाची नीट व्यवस्था लावून जावं, हे त्या परंपरेला धरूनच आहे.

परतीच्या दिवसाचीही काळजी घ्या. विमान रविवारी रात्री उतरणार आणि केनेल संध्याकाळी बंद होणार असेल, तर एक रात्र वाढवून धरा. नाताळासाठी चांगल्या जागा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरतात. रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, ते लेखी घ्या.

ठेवायचा कुठे?

*केनेल.* पूर्ण दिवस माणसं असतात, औषधपाणी वेळेवर होतं, अडीअडचणीला व्हेट ठरलेला असतो. मात्र घरातल्या माणसांत वाढलेला, आवाजाला घाबरणारा कुत्रा तिथे खाणं सोडू शकतो.

*दुसऱ्याच्या घरी पैसे देऊन.* सिटरच्या घरी कुत्रा माणसांत राहतो. इंग्लंडमध्ये हा व्यवसाय करणाऱ्याला २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि परवान्यावर तारांकित दर्जा असतो. परवाना बघितल्याशिवाय कुत्रा सोडू नका. अमेरिकेत रोव्हरसारख्या अ‍ॅपवर माणसं मिळतात. तिथे परीक्षणं वाचा, घर प्रत्यक्ष बघा, दिवसातून किती वेळ कुत्रा एकटा राहील ते विचारा.

*तुमच्याच घरी राहणारा माणूस.* दोन-तीन प्राणी किंवा म्हातारा कुत्रा असेल तर हाच पर्याय बरा. एका कुत्र्यासाठी केनेलपेक्षा महाग पडतो, तीन प्राण्यांना स्वस्त पडू शकतो. घरमालकाची परवानगी आणि घराच्या विम्याची अट आधी तपासा.

*मित्रांमध्ये अदलाबदल.* मराठी मंडळांच्या ओळखीतून हे सर्वांत जास्त चालतं. तुम्ही नाताळात जाता, ते उन्हाळ्यात. तुमचा कुत्रा त्यांच्याकडे, त्यांचा तुमच्याकडे. यात पैसा वाचतो, पण मैत्रीवर भार पडतो, म्हणून काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. खाण्याचा आणि व्हेटचा खर्च तुमचा. त्यांच्या घरात कोणाला अ‍ॅलर्जी नाही ना, भाड्याच्या घरात कुत्रा चालतो ना, हे विचारा. संकोचून ‘हो’ म्हणणाऱ्याकडे चार आठवडे कुत्रा ठेवणं दोघांवरही अन्याय आहे. समोरच्याचा होकार मनापासून नसेल, तर केनेलचे पैसे भरा.

भारतात शेजारच्या काकू दोन वेळा भाकरी टाकतील किंवा वॉचमन लक्ष ठेवेल, या भरवशावर कुत्रा मागे राहतो. इथे तसं करू नका. इंग्लंडमध्ये प्राण्याची आबाळ करणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. जर्मनीत नियमच आहे की कुत्र्याला पुरेसा वेळ मोकळ्यावर बाहेर न्यायलाच हवं. कायदा नसता तरी बंद घरात एकटा पडलेला कुत्रा हे आपल्यालाच सहन होणार नाही.

सोडायला जाताना

मोठ्या मुक्कामाआधी एक रात्र चाचणी म्हणून ठेवा. काउंटरवर पहिल्यांदा लसींचे दाखले मागतात: रेबीज, डिस्टेंपर-पार्वोची एकत्रित लस आणि केनेल कफची लस. काही ठिकाणी कुत्र्यांच्या फ्लूचीही मागतात. केनेल कफची लस निघण्याच्या आदल्या दिवशी दिलेली चालत नाही, म्हणून दोन-तीन आठवडे आधीच व्हेटकडे जा.

मग एक अर्ज समोर येतो. तुम्ही विमानात असताना कुत्रा आजारी पडला तर उपचाराला किती रकमेपर्यंत परवानगी, हा रकाना मोकळा सोडू नका. आकडा लिहा. त्याच देशात राहणाऱ्या एका विश्वासू माणसाचं नाव आणि नंबर द्या. तुम्ही देवीच्या रांगेत उभे असताना फोन लागेलच असं नाही. निर्णय घेणारं कोणीतरी जवळ हवं.

पिशवीत रोजच्या खाण्याची दिवसागणिक पाकिटं, दोन-तीन दिवसांचं जादा खाणं, औषधं त्यांच्या मूळ डबीत, आणि घरातली एक न धुतलेली चादर. घरच्या वासाने कुत्रा शांत राहतो. आपल्याकडे कुत्र्यांना दहीभात, पोळीचा तुकडा अशी सवय असते. ते तिथे मिळणार नाही. आठ-दहा दिवस आधीपासून कोरड्या खाण्याचं प्रमाण हळूहळू वाढवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पोट बिघडतं.

मराठी मित्राकडे ठेवत असाल तर आणखी एक सूचना लिहून द्या. बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण आणि चॉकलेट कुत्र्याला घातक आहेत. बेदाणे घातलेला शिरा प्रेमाने भरवला जातो, म्हणून हे तोंडी सांगून भागत नाही. कागद फ्रिजवर लावा.

अचानक जावं लागलं तर

हा भाग प्रत्येक नव्या घराने गांभीर्याने घ्यावा. परदेशात राहणाऱ्याला भारतातून मध्यरात्री येणाऱ्या फोनची भीती कायम असते. वडिलांना रुग्णालयात दाखल केलं, पहिल्या मिळेल त्या विमानाने निघायचं, अशा वेळी अनोळखी केनेल कुत्रा घेत नाही: लसींची कागदपत्रं, चाचणी, नोंदणी यात दिवस जातो. म्हणून कुत्रा घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दोन ठिकाणी नाव नोंदवून ठेवा, दोन्हीकडे एकेक रात्र ठेवून बघा, लसी चालू ठेवा. जवळच्या एका घराकडे किल्ली आणि कुत्र्याची माहिती लिहिलेला कागद असू द्या. मग त्या रात्री एक फोन पुरतो, आणि तुमचं सगळं लक्ष आई-वडिलांकडे राहू शकतं. या तयारीचा खर्च दोन रात्रींच्या भाड्याएवढा आहे. याहून मोलाचा खर्च यादीत दुसरा नाही.

भारतातल्या घरच्या कुत्र्याचं काय?

तुम्ही आलात की आई-बाबाही तुळजापूरला यायला निघतात, आणि त्यांचा कुत्रा मागे राहतो. पुण्या-मुंबईत घरगुती बोर्डिंग दिवसाला साधारण ५०० ते १,२०० रुपयांत मिळतं. दोन-तीन दिवसांचा हा खर्च तुम्ही उचला. त्यांना तो सांगायला संकोच वाटतो. सोबतच न्यायचा म्हणाल, तर रेल्वेत प्रथम वर्ग एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातला खोका. तुळजापुरातल्या लॉजवर किंवा भक्तनिवासात कुत्रा चालेल हे गृहीत धरू नका. दर्शनाला काही तास लागतात आणि धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उभ्या गाडीत कुत्रा बंद ठेवला तर जीव जातो.

कुत्रा आणण्यापूर्वी

नव्याने आलेली बरीच घरं पहिल्या-दुसऱ्या वर्षी कुत्रा आणतात. मुलांना हवा असतो, घर भरल्यासारखं वाटतं. जरूर आणा. पण आधी कागद-पेन घ्या: दर वर्षी भारतात किती आठवडे जाणार, त्या रात्री गुणिले तुमच्या गावचा दर, अधिक वीस-पंचवीस टक्के. ही रक्कम विमानाच्या तिकिटाच्या शेजारी लिहा आणि दरमहा तिचा बारावा हिस्सा बाजूला टाका. आकडा झेपत असेल तर कुत्रा घ्या. झेपत नसेल तर वर्षभर थांबा आणि तोवर मित्रांचे कुत्रे सांभाळा. त्यांचीही सोय होईल, आणि तुमची पाळी येईल तेव्हा मनापासून ‘हो’ म्हणणारी दोन-तीन घरं ओळखीची झालेली असतील.