चारच पदार्थ खाणाऱ्या मधुमेहीचे ताट

मधुमेह झालेल्या माणसाला मोजकेच पदार्थ आवडत असतील, तर पथ्याचा कागद घरात आला तरी ताट बदलत नाही. बीड जिल्ह्यात हे ताट बहुधा भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि पोळी एवढ्यावर थांबते. जोडीला दिवसभर गोड चहा. ज्वारीची भाकरी, हुलगे, मटकी, अंबाडी, तांदुळजा घरात शिजत असूनही असा माणूस त्यांना हात लावत नाही.

घरचे लोक घाबरून पहिल्याच दिवशी भात आणि साखर बंद करतात, समोर कारल्याचा रस ठेवतात. इथेच धोका असतो. सकाळची गोळी पोटात गेलेली असते आणि माणूस अर्धपोटी उठतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण टाळले, तर रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हातांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून नवा पदार्थ रुचला नाही तरी पोट भरेल इतके ओळखीचे अन्न ताटात असलेच पाहिजे.

बदल एका वेळी एकच करावा आणि तो आवडत्या पदार्थाला चिकटून यावा. बटाट्याच्या भाजीत थोडी मेथी, वरणात मूठभर तांदुळजा, भात एक वाटी कमी आणि वरण एक वाटी जास्त. नकार पुष्कळदा चवीला नसून बुळबुळीतपणाला, वासाला किंवा कडवटपणाला असतो. हुलग्याची उसळ नको म्हणणारा हुलग्याचे शेंगोळे खातो. पालेभाजी ढकलणारा मेथीचे धपाटे मागून घेतो. मात्र पदार्थ लपवून, फसवून घालू नये. एकदा संशय आला की माणूस आधी खात असलेले वरणही चाळून पाहू लागतो. लहान मुलांना नवी चव पटायला ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. मोठ्यांनाही तेवढी सवलत द्यायला हवी. ताटाच्या कडेला चमचाभर वाढावे आणि खाल्ले की नाही, यावर बोलू नये.

भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हा समज सोडायला हवा. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठातही सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे भाकऱ्या मोजूनच खाव्यात. खरा फरक पडतो तो सोबतच्या डाळीने, उसळीने आणि पालेभाजीने. बीडच्या प्रसिद्ध सीताफळालाही हाच न्याय: हंगामात एखादे लहान फळ चालते, पण जेवणावर आणखी दोन नाहीत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात हे सारे अवघड होते. फडात काम पहाटे सुरू होते, जेवणाची वेळ पाळता येत नाही, ताजी भाजी दुर्मीळ असते. तिथे जवसाची आणि कारळाची चटणी, भाजलेले शेंगदाणे, भिजवून मोड आणलेली मटकी हीच विविधता. अंगमेहनतीने साखर झपाट्याने उतरते, म्हणून साखरेची पुडी कमरेला असावी. निघण्यापूर्वी डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगून गोळ्यांचे प्रमाण आणि वेळ ठरवून घ्यावी. इन्सुलिन पाण्याने गार राहणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवता येते.

ताट सुधारू लागले की औषधही पूर्वीइतके लागेलच असे नाही. जेवणानंतर दोन तासांनी मोजलेली साखर लिहून ठेवावी आणि ती वही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावी. डोस आपल्या मनाने कमी करू नये. मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या किती खायच्या, हेही तिथेच विचारावे.