फारोच्या कन्येने लेकरू कसे घेतले

शास्त्रपाठ : निर्गम २:१-१०, एस्तेर २:५-११

दत्तकपणाचा दाखला आपल्या मंडळ्यांस पौलाच्या पत्रांतून परिचित आहे. देवाने आपणांस लेकरे करून घेतले हे रोमकरांस व गलतीकरांस समजाविताना प्रेषिताने तोच घेतला आहे. परंतु एखादे निपुत्रिक जोडपे पाळकाकडे येऊन, "आम्ही लेकरू आणावयास निघालो आहो, तेथे गेल्यावर कसे वागावे?" असे विचारते, तेव्हा उपदेशकाजवळ बहुधा उत्तर नसते. ह्यास्तव आजच्या पाठात आम्ही ही जुनी गोष्ट निराळ्या दृष्टीने वाचणार आहो.

नदीकाठी पेटारा उघडला तेव्हा बाळ रडत होते. राजकन्येस त्याचा कळवळा आला. हे लेकरू परक्या जातीचे, इब्र्यांचे आहे हेही तिने तत्काळ ओळखले. तिच्या हाती सत्ता होती. ते उचलून वाड्यात न्यावयास तिला कोणी अडविले नसते. तिने तसे केले नाही. मुलाच्या बहिणीने दाई आणून देऊ काय असे विचारताच तिने होकार दिला, आणि ज्या कुशीची बाळास ओळख होती त्याच कुशीत, वेतन ठरवून, त्यास परत ठेविले. मूल वाढल्यावर ते तिच्याकडे आणिले गेले. मग ते तिचा पुत्र झाले, आणि मग तिने त्याचे नाव ठेविले. हा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. कळवळा एका क्षणात आला, पण पुत्रत्व अवकाशाने आले.

आपल्या भागास अनाथ लेकरांचे दुःख नवे नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथे १८७५ साली टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रयगृह निघाले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने सास्तूर व किल्लारीकडील गावे पडली, तेव्हा कित्येक मुले एका रात्रीत पोरकी झाली. भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांस भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यास नेले. आपल्या लोकांत चुलत्याने वा मामाने पोरके मूल पदरात घेण्याची रीत आहेच. परंतु अनोळखी लेकरू आणणे ही निराळी वाट आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांस ती फार दिवस बंदच होती. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपणांस लागू नाही. १८९० च्या कायद्याने केवळ पालकत्व मिळे, व मूल सज्ञान होताच तेही संपे. बाल न्याय कायद्याने, प्रथम २००० चा व त्याची २००६ ची दुरुस्ती आणि आता २०१५ चा, ही उणीव भरून काढली. कोणत्याही धर्माच्या दांपत्याचे दत्तक मूल आता पूर्ण पुत्र वा कन्या ठरते. हुकूम देण्याचे काम २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले आहे.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. दवाखान्यातून अथवा एखाद्या गरीब मातेकडून परस्पर मूल घेणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. जी माता मूल सोडू पाहते तिने बाल कल्याण समितीपुढे जावे. तेथे तिला फेरविचारास दोन महिने मिळतात. मोशेच्या आईच्या जागी तिला ठेवून पाहा, म्हणजे ही मुदत कशासाठी ते कळेल.

सरकारच्या मध्यवर्ती यादीतून लेकरू सुचविले जाते, तेव्हा ते आपल्याच जिल्ह्यातले असेल असे नाही. उमरग्याच्या जोडप्यास ओडिशाचे मूल सुचविले जाऊ शकते. त्या मुलास मराठीचा एक शब्द येत नसतो. स्वीडन, इटली, अमेरिका अशा देशांतून येऊन पुण्यामुंबईच्या संस्थांतून मुले नेणाऱ्या कुटुंबांपुढे हीच अडचण असते, फक्त अंतर अधिक. (ह्या परदेशी दत्तकाच्या व्यवहारात गैरप्रकार होऊ नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात नियम घालून दिले.) परक्या मुलखात निघणाऱ्याने त्या भाषेतले दहा शब्द तरी शिकून जावे : पाणी, भूक, झोप, शू, दुखते, ये, थांब, भिऊ नको. मूल प्रथम आपणांस ओळखत नाही; निदान आपला शब्द तरी ओळखीचा वाटावा.

पहिल्या भेटीस जाऊन लगेच मूल उचलू नये. ज्या मावशीच्या कडेवर ते असते तिच्याशीच आधी बोलत बसावे. मूल तिच्या मुखाकडे पाहते. ती हसली तर ते मानते की ही माणसे वाईट नसावीत. मग खेळणे जमिनीवर ठेवावे, हातात कोंबू नये. दुसऱ्या दिवशी मावशीच्या देखत एक घास भरवावा, तिसऱ्या दिवशी निजविताना जवळ बसावे. मर्दखय दररोज अंतःपुराच्या अंगणासमोर येरझारा घालून एस्तेरची खुशाली विचारीत असे, आत शिरत नसे. दत्तक घेणाऱ्यास ह्याहून चांगला कित्ता आम्हांस ठाऊक नाही. खर्च वाचावा म्हणून एकाच दिवसात मूल घेऊन परतण्याची घाई पुष्कळ जण करतात. प्रवासखर्च मोठा असतो हे आम्ही जाणतो, तरी कापणी व सुगी टाळून आठवड्याची सवड काढावी.

मूल रडले तर आपणांस नाकारले असे समजू नये. १९५१ साली जॉन बोल्बी नामक इंग्रज वैद्याने जागतिक आरोग्य संघटनेसाठी मातेपासून तुटलेल्या बालकांविषयी अहवाल लिहिला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन ह्यांनी पुढल्याच वर्षी इस्पितळात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण दाखविले. त्यांना असे दिसले की ताटातुटीने मूल प्रथम आक्रोश करते, मग खिन्न होते, मग अलिप्त व निमूट होते. आणि ह्या तिसऱ्या अवस्थेस मोठी माणसे "मूल रुळले" असे म्हणतात. जे लेकरू मावशीसाठी रडते त्यास प्रीती करणे ठाऊक आहे. जे कोणाकडेही हसत जाते आणि कोणासाठीच रडत नाही, त्याची चिंता अधिक करावी.

येताना ते ज्या चादरीवर निजत असे ती मागून आणावी व काही दिवस धुऊ नये; तिचा वास हाच त्याच्या जुन्या घराचा उरलेला तुकडा असतो. गावी पोहोचल्यावर स्टँडवर मंडळी हार घेऊन उभी राहिली तर ते प्रेमाचेच काम आहे, पण मूल भिते. पाळकांनी लोकांस तसे समजावून सांगावे. काही आठवडे आईबापांनीच भरवावे, न्हाऊ घालावे, निजवावे; शेजारणींनी कडेवर घेण्याचा मोह आवरावा. समर्पणाचा अथवा बाप्तिस्म्याचा विधी मूल आईच्या खांद्यावर निवांत राहू लागेपर्यंत पुढे ढकलण्यास शास्त्रात काही बाध नाही.

मूल संगोपनासाठी घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची खुशाली पाहण्यास संस्थेचे लोक येतात. त्यांस तपासनीस समजून घाबरू नये. मूल रात्री दचकून उठते, अन्न लपवून ठेवते, असे काही असेल तर ते त्यांस मोकळेपणी सांगावे.

मोशे वाड्यात वाढला, तरी मोठा झाल्यावर तो आपल्या भाऊबंदांकडे गेला. त्यास आपले मूळ ठाऊक होते. लेकरापासून ते लपविणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. बाहेरच्या कोणा तोंडून ते कळते तेव्हा घाव खोल जातो. लहानपणापासूनच गोष्टीसारखे सांगत जावे. अठरा वर्षांनंतर त्यास स्वतः आपल्या मुळाचा शोध घेण्यास अर्जही करता येतो. तोवर संस्थेतले त्याचे नाव, पहिले छायाचित्र, ती चादर आणि मावशीने घातलेला शेवटचा झबला एका पेटीत जपून ठेवावा, आणि पेटी त्याच्या हातास पोहोचेल अशा ठिकाणी असावी.