जुन्या गाडीचे वाळलेले रबर : आधी ओळखा, मग बदला



आपल्या कार्यक्षेत्रात अजूनही कितीतरी घरांच्या पडवीत नाहीतर पत्र्याच्या शेडात एखादी जुनी फियाट, ॲम्बेसिडर किंवा पेट्रोलवरची जीप उभी असलेली दिसते. अलीकडे घरातली तरुण मुले ती पुन्हा चालू करायच्या मागे लागली आहेत. हौस चांगली आहे. पण अशा गाडीचे काम निघाले की लक्ष जाते ते पत्र्याकडे, रंगाकडे, इंजिनाकडे. रबर मात्र शेवटी आठवते. ‘ते काय, दुकानातनं आणायचं आणि बसवायचं’ असे म्हणून तो विषय संपतो.

रबराचे काम तेवढे सोपे नाही. दाराचे रबर चुकले तर पाणी आत येईल, फार तर पत्रा गंजेल. ब्रेकचे रबर चुकले तर गाडी थांबणार नाही. पेट्रोलच्या नळीचे रबर चुकले तर गाडी पेट घेईल. म्हणून या लेखात एकच गोष्ट नीट समजून घेऊ : रबर नवे आहे की जुने, यापेक्षा ते कोणत्या जातीचे आहे आणि त्याला कोणत्या द्रवाशी संसार करायचा आहे, हे महत्त्वाचे.

उदाहरणासाठी आपण फियाट ११०० म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी घेऊ. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात बनत असे. ती कंपनी काढणारे वालचंद हिराचंद म्हणजे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा करणारेच. १९७२ मध्ये गाडीचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ मध्ये पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. खाजगी मालकांकडे मात्र गाड्या आहेत. इथे सांगितलेले बहुतेक सारे ॲम्बेसिडर आणि जीप यांनाही लागू पडते.

रबर वाळते म्हणजे काय होते ?

रबराच्या झाडाचा चीक नुसता सुकवला तर उन्हात चिकट होतो आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळले की चिकात गंधक घालून तापवले की रबर लवचिक राहते. आपल्या कारखान्यात रस स्वच्छ करण्यासाठी ज्याचा धूर वापरतात, तेच हे गंधक. रबराच्या लांब साखळ्यांना ते मधूनमधून गाठी मारते. या गाठींमुळेच रबर ताणले तरी परत जागेवर येते.

वर्षे गेली की तीन गोष्टी घडतात. एक, इंजिनाच्या उष्णतेने आणि हवेतील प्राणवायूने गाठी वाढत जातात आणि रबर कडक होते. दोन, ते मऊ राहावे म्हणून कारखान्यात मिसळलेली तेले हळूहळू निघून जातात आणि रबर आकसते. तीन, हवेतला ओझोन वायू ताणलेल्या रबराला आडव्या चिरा पाडतो. शेडात उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडलेल्या आपण पाहतो, तो हाच प्रकार.

आता इथे एक जुनी सवय आड येते. मोटेचे चामडे वाळले की आपली माणसे त्याला तेल पाजत, आणि ते बरोबर होते. तीच सवय रबरावर चालते. दाराचे रबर कडक झाले की कुणी खोबरेल लावतो, कुणी डिझेलचा बोळा फिरवतो. दोन दिवस रबर काळेभोर, मऊ दिसते. पण तेल आत शिरून ते फुगते, गाठी ढिल्या पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात ते चिकट होऊन हाताला लागते. चामड्याला तेल पाजावे, रबराला नाही. वाळलेले रबर पुन्हा जिवंत होत नाही. ते बदलावेच लागते.

कोणत्या जागी कोणते रबर ?

१) दारे, डिकी आणि काचांच्या कडेचे रबर : याला ऊन, पाणी आणि ओझोन सोसायचे असते. आजकाल इथे ई. पी. डी. एम. जातीचे रबर चांगले. ओझोन त्याला सहसा चिरा पाडू शकत नाही. पण पेट्रोल, डिझेल, ऑईल याला अजिबात चालत नाही.

२) इंजिन, गिअर बॉक्स, मागचा डिफरन्शियल यांची ऑईल सीले : इथे नायट्राईल रबर. ऑईलमध्ये ते टिकते. उन्हात मात्र चिरते.

३) ब्रेकच्या सिलिंडरातील वायसर आणि ब्रेकची रबरी नळी : इथे नैसर्गिक रबर किंवा ई. पी. डी. एम. सारखी रबरे, जी फक्त ब्रेक ऑईलशी जुळतात. नावात ‘ऑईल’ असले तरी डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑईल हे इंजिन ऑईलसारखे खनिज तेल नाही.

४) पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगे : इथली गोष्ट आता बदलली आहे. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

दुकानात सगळी रबरे काळीच दिसतात. बिडिंगच्या किंवा नळीच्या रबराबद्दल शंका असेल तर शेवटचा वाया जाणारा बोटभर तुकडा घ्या. त्याची लांबी मोजून लिहा आणि झाकणाच्या काचेच्या बाटलीत, ज्या द्रवात तो वापरायचा त्यात, दोन दिवस उघड्यावर, चुलीपासून लांब ठेवा. काढून पुन्हा मोजा. फुगून मऊ झाला असेल तर ते रबर त्या जागेचे नाही. ब्रेकच्या किटावर ही परीक्षा करू नये. ते नामांकित कंपनीचे, सीलबंदच घ्यावे.

ब्रेकचे काम

अशा जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना तेलाची वाट एकच असते. एका चाकाचा वायसर फाटला तरी पाय खाली जातो आणि चारही ब्रेक एकदम जातात. हातात राहतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून एकच वायसर बदलून भागवू नये. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या यांचे रबर एकदमच बदलावे.

रीत अशी :

(अ) गाडी सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकवर काम करू नका. ड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते छातीला वाईट. ओल्या फडक्याने पुसा.

(आ) सिलिंडर उघडल्यावर आतून बोट फिरवून आणि उजेडात धरून पाहा. खड्डे किंवा ओरखडे असतील तर नवा वायसरही आठवड्यात फाटेल. मग सिलिंडरच बदलावा.

(इ) धुण्यासाठी रॉकेल, पेट्रोल, डिझेल वापरू नये. नेमकी इथेच चूक होते. ‘जरासं रॉकेल लागलं तर काय होतंय, पुसून टाकू’ असे मिस्त्री म्हणतात. पण कोपऱ्यात राहिलेला थेंबही वायसर फुगवतो. ताजे ब्रेक ऑईल किंवा स्पिरिट वापरा आणि कोरडे करा.

(ई) वायसरची ओठासारखी कड तेलाच्या दाबाकडे असावी. बसवताना ताजे ब्रेक ऑईल लावा, ग्रीस नको.

(उ) हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. आपल्याकडच्या गाडीत डावे मागचे, उजवे मागचे, डावे पुढचे, उजवे पुढचे असा क्रम येतो. पाय दगडासारखा घट्ट लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

शेतकऱ्याच्या शेडात एक खास धोका असतो. तिथे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक ऑईलचा डबा नेहमीच असतो आणि ब्रेक ऑईल कमी दिसले की कुणीतरी त्यातलेच ओततो. सुरुवातीला ब्रेक लागतात. मग वायसर फुगतात, ब्रेक सुटत नाहीत, ड्रम तापतात आणि एके दिवशी पाय खाली जातो. असे घडले असेल तर नुसते तेल बदलून भागत नाही. नळ्या धुऊन सगळी रबरे पुन्हा बदलावी लागतात. ब्रेक ऑईलचा डबा वेगळा, झाकण घट्ट आणि त्यावर मोठ्या अक्षरात नाव, एवढे घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. रंगावर सांडले तर रंग उतरतो, लगेच पाण्याने धुवावे.

पेट्रोलची वाट आणि आपले इथेनॉल

हा भाग आपल्या घरचाच आहे. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीपासून, उसाच्या रसापासून होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २० टक्के मिश्रणाची विक्री ६ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने सरासरी २० टक्क्यांची पातळी गाठली. उसाला त्यामुळे आधार मिळाला हे खरे. पण पद्मिनी बनली तेव्हा असे पेट्रोल नव्हते. तिच्या जुन्या नळ्या, पंपाचा पडदा आणि पॅकिंगे साध्या पेट्रोलसाठी होती. इथेनॉल त्यांना जास्त फुगवते, त्यातली मऊ ठेवणारी तेले धुऊन नेते. मग गाडी उभी राहून नळी वाळली की ती आकसते आणि क्लिपाजवळ चिरते. खाली तापलेले इंजिन, वर पेट्रोलचा थेंब. बाकी सांगायला नको.

पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात म्हटले होते की काही जुन्या गाड्यांत, सुमारे २० ते ३० हजार किलोमीटर वापरानंतर, काही रबरी भाग व पॅकिंगे बदलण्याचा सल्ला दिला जाऊ शकतो. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही परवडणारे नाही. आपलेच इथेनॉल आपल्या गाडीत सुखाने जळावे असे वाटत असेल तर रबर त्याच्या जोडीचे हवे.

यासाठी फ्लुरो-रबर वापरावे. बाजारात त्याला ‘व्हायटन’ म्हणतात. नळी घेताना तिच्यावर ‘एस. ए. ई. जे-३० आर-९’ अशी खूण पाहावी, तिच्या आतला थर याच रबराचा असतो. मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिक नळी किंवा फवारणी पंपाची नळी कधीही लावू नये. वर्षानुवर्षे उभी गाडी चालू करण्याआधी टाकी रिकामी करून धुवा, मग नळी, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंगे बदला. इंजिन दहा मिनिटे चालवून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा पाहा, कारण फुगणे सावकाश होते. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

दारे आणि काचा

हे काम रंगानंतर करावे, आणि गंज काढल्याशिवाय रबर चिकटवू नये. नाहीतर रबराखाली गंज सुखाने वाढतो. जुन्या रबराचा एक तुकडा दुकानात नेऊन त्याच्याशी छेद जुळवून घ्या. नुसती लांबी सांगू नका.

दाराचे रबर ताणून बसवू नये. ताणलेले रबर काही दिवसांनी मागे सरते, कोपऱ्यात फट पडते आणि ओझोनच्या चिराही ताणलेल्या जागीच आधी पडतात. उलट किंचित ढिले, दाबत दाबत बसवा. सांधा दाराच्या खालच्या बाजूला घ्या. मग वहीचा कागद दारात धरून दार लावा आणि ओढून पाहा. चौफेर सारखा अडकत निघाला तर काम बरोबर. दाराच्या तळाची पाणी जाण्याची छिद्रे मात्र मोकळी ठेवा.

पुढच्या काचेला दोन माणसे लागतात. रबर आधी काचेला बसवा. त्याच्या आतल्या खाचेत गुळगुळीत दोरी फिरवून टोके खालच्या मध्यावर एकमेकांवर घ्या. साबणाचे पाणी लावा. बाहेरच्याने तळहाताने काच दाबायची, आतल्याने दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढत जाते. अडले तर स्क्रू ड्रायव्हरने जोर करू नका, काच जाते.

नवे रबर बसवेपर्यंत पिशवीत, अंधाऱ्या थंड जागी ठेवा. मोटारीच्या स्टार्टरजवळ किंवा वेल्डिंगच्या जागी टांगू नये. ठिणगीतून ओझोन तयार होतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ब्रेकला फक्त ब्रेक ऑईल. रॉकेल, डिझेल, ग्रीस जवळही नको.
• पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारीच घ्या.
• ऑईल सीलची स्प्रिंगची बाजू ऑईलकडे, आणि बसवताना कडेला तेच ऑईल लावा.
• पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा : आधी ब्रेक, मग पेट्रोल, मग ऑईल सीले, शेवटी दारे-काचा.

बहुतेक घरी हा क्रम नेमका उलटा असतो, कारण दारे-काचा लोकांना दिसतात. पण गाडीत बसणारी आपलीच मुले-माणसे असतात. म्हणून दारातून पाणी आले तर यंदाचा पावसाळा आत बादली ठेवून काढावा, पण ब्रेकचे रबर पुढच्या बिलावर ढकलू नये.