लाकडावरचा शिक्का कसा वाचावा?

आलापल्ली किंवा बल्लारपूर येथील आगारात रचून ठेवलेल्या सागवानाच्या थप्प्या अहेरीकडच्या पुष्कळ मुलांनी पाहिल्या असतील. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर लिहिलेला क्रमांक दुरूनही दिसतो. त्याच्याजवळ लाकडात रुतलेला एक लहानसा छाप असतो. तो पाहण्यासाठी मात्र जवळ जावे लागते. हा वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का. हातोड्याच्या पोलादी तोंडावर अक्षरे किंवा आकृती उलटी कोरलेली असते. नेमका एकच घाव घालायचा. म्हणजे ती लाकडात सुलटी उमटते.

उभ्या झाडालाही शिक्का मारतात. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल थोडी तासून एक शिक्का छातीच्या उंचीवर आणि दुसरा अगदी बुंध्याशी उमटवतात. दोन कशासाठी? झाड तोडले की वरचा शिक्का ओंडक्याबरोबर निघून जातो, पण खालचा जमिनीतल्या थुटावर राहतो. पुढे तपासणीला आलेला अधिकारी थुटे पाहत जातो. ज्या थुटावर शिक्का नाही, ते झाड चोरीने तोडलेले, असा संशय घ्यायला जागा होते. साठ-सत्तर वर्षे वाढलेला साग तासाभरात आडवा करता येतो, म्हणून ही सगळी खटपट.

कायद्यानेही या छापाला मोठे महत्त्व दिले आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे, लबाडीच्या हेतूने लाकडावर किंवा उभ्या झाडावर वनाधिकाऱ्यांची खोटी खूण उमटवणाऱ्याला किंवा असलेली खूण पुसणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ४५ तर नदीत वाहत आलेल्या किंवा काठाला लागलेल्या लाकडाचाही विचार करते. असे लाकूड, तसेच ज्यावरची खूण खोडली किंवा जाळली आहे असे लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत सरकारी मानले जाते. प्राणहितेच्या काठी राहणाऱ्यांना यातला अर्थ लगेच कळेल. (ताजा तोडलेला साग इतका जड असतो की तो धड तरंगतही नाही. ब्रह्मदेशात त्यासाठी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच पाडून ते दोन-तीन वर्षे जागीच वाळवत व मग नदीत सोडत.)

आता चोर काय करील? ओंडक्याच्या तोंडाची एक चकती करवतीने कापून टाकली की शिक्का गेला! पण मग ओंडका आखूड होतो आणि नोंदवहीतल्या लांबीशी जुळत नाही. क्रमांक, लांबी व घेर यांची नोंद सोबत असली तरच शिक्क्याला जीभ फुटते. नुसता शिक्का मुका असतो.

दुसरा मार्ग म्हणजे नकली हातोडा बनवणे. येथे भिंग कामाला येते. वापरून वापरून पोलादी अक्षराची एखादी कड झिजते, एखाद्या कोपऱ्याचा कपचा उडतो. ही खोड त्या हातोड्याच्या प्रत्येक छापात उतरते. अक्षरांची नक्कल सोपी, खोडीची नक्कल अवघड.

हीच गोष्ट धातूच्या शिक्क्यांना लागू पडते. आपल्या नाण्यावर सालाच्या खाली पाहा: चौकटच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, बारीक गोल ठिपका असेल तर नॉयडाचे, काहीच नसेल तर ते कोलकात्याचे. नाझी काळातल्या जर्मनीत लष्करी पदके आणि पक्षाचे बिल्ले बनवणाऱ्या कारखान्यांना असेच क्रमांक दिलेले होते. ‘लोहक्रॉस’ पदकाच्या कडीवरचा ४ हा आकडा ल्यूडेनशाइड गावच्या श्टाइनहाउअर व ल्यूक या कारखान्याचा. लक्षावधी निरपराधांना मारणाऱ्या राजवटीच्या या वस्तूंनाही आज गिऱ्हाईक आहे, आणि गिऱ्हाईक आहे म्हणून नकली मालही आहे. नकली बिल्ला पुष्कळदा अस्सल बिल्ल्यावरून साचा घेऊन ओतलेला असतो. क्रमांक अर्थातच बरोबर येतो! पण ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. अक्षरांच्या कडा बोथट येतात आणि भिंगातून हवेच्या बुडबुड्यांची भोके दिसतात. तेव्हा आकड्यापेक्षा तो आकडा कसा उमटला आहे हे आधी पाहावे.

पुन्हा जंगलात येऊ. जिवंत झाडावर मारलेला शिक्का काही वर्षांनी कोठे असेल? झाडाबरोबर उंच गेलेला असेल, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. झाडाची उंची शेंड्याशी वाढते, खोड फक्त जाड होते; म्हणून शिक्का त्याच उंचीवर राहतो. मात्र कडेने नवे लाकूड वाढत येऊन हळूहळू जखम झाकते आणि छाप आत गाडला जातो. सागाची वार्षिक वलये स्पष्ट असतात. पुढे कधी तेथे खोड कापले, तर छापावर साठलेली वलये मोजून तो किती वर्षांपूर्वीचा हे सांगता येते.

आणि शिक्का रंध्याने किंवा पॉलिश कागदाने घासून काढला तर? लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची जुडी होय. घावाने अक्षराखालच्या नळ्या दबतात, आणि हा दाब डोळ्यांना दिसणाऱ्या खाचेपेक्षा खोल गेलेला असतो. धातूतही तसेच होते. म्हणून बंदुकीवरचा घासलेला क्रमांक प्रयोगशाळेत आम्ल लावून पुन्हा वाचता येतो. लाकडाचा प्रयोग तुम्ही घरीच करा.

खोक्याच्या मऊ फळीचा एक तुकडा घ्या. सागात तेलकट द्रव्य असल्याने पाणी लवकर मुरत नाही, म्हणून येथे साग नको. फळीच्या सपाट बाजूवर खिळ्याचे डोके टेकवून हातोडीने दाबा; खळगा पडावा, पण तंतू तुटू नयेत. आता खळगा पुरता नाहीसा होईपर्यंत सगळी बाजू पॉलिश कागदाने घासा. बोट फिरवा, काही लागणार नाही. मग मोठ्या माणसाच्या मदतीने तेथे गरम पाण्याने भिजवलेली चिंधी काही वेळ ठेवा. दबलेल्या नळ्या पाणी पिऊन फुगतात आणि पूर्वीचा आकार घेऊ पाहतात. आजूबाजूचे लाकूड तर तुम्ही घासून खाली नेलेले आहे. चिंधी काढून पुन्हा बोट फिरवा. जेथे खळगा होता, तेथे आता उंचवटा लागेल.