तोतया चौकट

ज्या माणसाने उभी उमेद हिशेबाच्या दप्तरात घालवली, फिरवलेले आकडे आणि मागाहून चढवलेल्या तारखा ज्याने नुसत्या शाईच्या रंगावरून ओळखल्या, त्यानेच एके दुपारी आपल्या तिजोरीची किल्ली आपल्या हाताने परक्याच्या ओंजळीत टाकावी, आणि टाकताना आपण आपलेच दार उघडीत आहोत अशी त्याची खात्री असावी, हा प्रकार सांगताना मला आजही संकोच वाटतो. परंतु ज्या अज्ञानामुळे तो घडला ते अज्ञान अजून घरोघर नांदत असल्याचे दिसते, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो.

सन १९९८. मी एका सहकारी संस्थेत मुख्य हिशेबनीस होतो. विंडोज एनटी ४.० ही प्रणाली घातलेली यंत्रे नुकतीच आमच्याकडे आली होती, आणि एकेका यंत्रावर चार-पाच जणांनी पाळीपाळीने काम करावे, मात्र ज्याने त्याने आपल्या नावाने आणि आपल्या परवलीच्या शब्दाने आत शिरावे, असा शिरस्ता पडला होता. यंत्र मोकळे असले की पडद्यावर एक लहान चौकट दिसे: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबा. त्या दाबल्या की नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी दुसरी चौकट उघडे. त्या दिवशी जेवून परतलो तो ही दुसरी चौकट आधीच उघडलेली, आणि नावाच्या जागी माझेच नाव. कोणीतरी कळा दाबून ठेवल्या, आपले तेवढे श्रम वाचले, असे म्हणून मी शब्द टंकला. शब्द चुकल्याचा निरोप आला, पडदा क्षणभर मिटला आणि पहिली चौकट पुन्हा अवतरली. या खेपेस मी रीतसर कळा दाबल्या. उघडलेल्या चौकटीत नावाच्या जागी आमच्याकडे उमेदवारी करणाऱ्या एका मुलाचे नाव होते. ते खोडून मी माझे लिहिले, आत शिरलो आणि कामाला लागलो. एका मिनिटाच्या अंतराने त्याच जागी दोन निराळी नावे! खातेवहीतली चार आण्यांची तफावत ज्याला झोपू देत नसे, त्या गृहस्थाने या तफावतीचा विचारही केला नाही.

चौथ्या दिवशी माझ्या नावाने तीन हजारांची एक उचल मंजूर झाल्याची नोंद निघाली. त्या घटकेला मी बँकेत रांगेत उभा होतो, एवढ्यावरच माझी अब्रू वाचली. तरी कैफियत लिहून द्यावी लागली, कारण यंत्राच्या लेखी परवलीचा शब्द जाणणारा तो मी, आणि माझ्यावाचून दुसरा कोणी मी नव्हे. सुदैवाने आमच्या यंत्रव्यवस्थापकाने येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याची सोय चालू केली होती. मी जेवायला गेलो तेव्हा तो मुलगा स्वतःच्या नावाने आत शिरला होता आणि मी ‘चुकीचा’ शब्द टंकला त्याच मिनिटाला बाहेर पडला होता, असे त्या नोंदीने दाखवले. म्हणजे मी शब्द दिला तो यंत्राला नव्हे; त्या मुलाने लिहून चालू ठेवलेल्या एका लहानशा आज्ञावलीने खऱ्या चौकटीचे सोंग घेतले होते, तिला दिला. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला तेव्हा चांगली जाणती माणसे फसली, हे आठवून मी मनाची समजूत घातली. पण तोतया पारखण्याची कसोटी माझ्या बोटांखाली होती आणि मी ती लावली नाही, हे शल्य राहिलेच.

ती कसोटी म्हणजे त्या तीन कळा. आपण त्यांना दारावरची थाप समजतो. वस्तुतः तो आपण यंत्राला विचारलेला प्रश्न असतो: समोर दिसते आहे ते तूच दाखवतोस, की तुझ्या नावाने दुसरा कोणी? या कळांचा जोड प्रणालीचा गाभा स्वतःकडे राखून ठेवतो. तो दाबल्याची वर्दी थेट विनलॉगऑन नावाच्या मुखत्याराकडे जाते, आणि सामान्य वापरकर्त्याने चालवलेल्या कोणत्याही आज्ञावलीला ती मध्येच अडवता येत नाही. वर्दी पोहोचली की सगळा दृश्य पडदा बाजूला सरतो आणि एक निराळा, राखीव डेस्कटॉप पुढे येतो. तेथे इतरांच्या आज्ञावलींना चित्र काढण्याची मुभा नाही आणि टंकलेली अक्षरे वाचण्याचीही नाही. परवलीचा शब्द मागायची खरी जागा ती. आत कोणी शिरलेलेच नसेल तर तेथे प्रवेशाची चौकट येते. कोणी शिरलेले असेल तर सुरक्षेची चौकट येते, आणि आमच्या एनटीमध्ये तिच्या माथ्यावर आत असलेल्याचे नाव स्पष्ट लिहिलेले असे.

या कळांचा जन्म मात्र सुरक्षेसाठी झालेला नाही. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे तो घडत असताना डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने, अडकलेले यंत्र बंद न करता पुन्हा सुरू करता यावे म्हणून, हा जोड योजला. आधी त्यात डिलीटच्या जागी एस्केप होती. परंतु त्या तिन्ही डाव्या हाताखाली येतात आणि चुकून दाबल्या जातात असे आढळल्यावर, दोन्ही हात लागावेत म्हणून डिलीट आली. जुलै १९९३ मध्ये आलेल्या पहिल्या विंडोज एनटीने हाच जोड प्रवेशद्वारावर आणून बसवला. वापरकर्ता आणि प्रणाली यांच्यामध्ये कोणाला घुसता येणार नाही असा ‘विश्वसनीय मार्ग’ असावा, ही कल्पना अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘ऑरेंज बुक’ या ग्रंथात आधीच मांडलेली होती. तीन कळा दाबायला लावणे ही चूक होती, एकच कळ असायला हवी होती, असे बिल गेट्स यांनी २०१३ मध्ये हार्वर्डला सांगितले. सोयीच्या दृष्टीने ते खरेही असेल. पण माझ्यापुरते म्हणाल तर, ज्या दिवशी दोन हातांचे हे श्रम मी वाचवले त्याच दिवशी लुबाडला गेलो.

म्हणून माझ्यासारख्यांना सांगणे एवढेच, की चौकट आयती उघडी दिसली तर तिच्यात अक्षर टंकू नये. एस्केप दाबून ती मिटवावी, मग स्वतः तिन्ही कळा दाबाव्यात आणि काय उघडते ते पाहावे. प्रवेशाची चौकट न येता सुरक्षेची आली, तर आत दुसरा कोणी बसलेला आहे असे निश्चित समजावे. खरी चौकट काही वेळ कोणी हात लावला नाही की आपोआप मिटते. तासभर ओसाड पडलेल्या खोलीत ती उघडी वाट पाहत बसलेली असणे हेच संशयास्पद होते, हेही मला फार उशिरा कळले. आजच्या विंडोजमध्ये घरगुती यंत्र या कळा मागत नाही. मागाव्यात अशी इच्छा असेल तर विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या खिडकीत एन, ई, टी, पी, एल, डब्ल्यू, आय, झेड ही अक्षरे लिहावीत आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या पानावर त्या कळांच्या सक्तीपुढे खूण करावी. जागा सोडताना विंडोज आणि एल दाबून कुलूप घालावे. दूरच्या यंत्रावर रिमोट डेस्कटॉपने काम करीत असाल तर डिलीटऐवजी एंड दाबावी, नाहीतर प्रश्न जवळच्याच यंत्राला विचारला जातो. नवी आज्ञावली बसवताना भोवतालचा पडदा काळवंडून संमती विचारली जाते, तोही हाच राखीव डेस्कटॉप होय. तो काळवंडणे त्रासदायक वाटून पुष्कळ जण ते बंद करतात, तसे करू नये.

या कळांची सत्ता कोठे संपते तेही जाणून असावे. कळफलकाच्या तारेत कोणी चोरटे यंत्र खोचले, किंवा पाठीमागे उभे राहून तुमची बोटे पाहिली, तर त्या काहीच करू शकत नाहीत. आणि ब्राउझरमध्ये उघडलेले बँकेचे पान खरे की खोटे, हे सांगणे त्यांचे काम नव्हे. पण माझ्या वहिनींनी मध्यंतरी घाबऱ्या आवाजात फोन केला, “भावजी, सगळा पडदा लाल झालाय, संगणक जप्त केला म्हणतात, या नंबरावर फोन करा म्हणतात,” तेव्हा मी त्यांना याच तीन कळा दाबायला सांगितल्या. लाल पडदा नाहीसा होऊन चार-पाच ओळींचा साधा पडदा आला. त्यातून टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद केला आणि ती सारी जप्ती उठली. पडदाभर पसरलेले ते एक वेबपान होते, इतकेच.

त्या मुलाने पुढे सगळे कबूल केले. उचल परत भरून घेऊन संस्थेने त्याला काढून टाकले. जाण्यापूर्वी तो माझ्याकडे आला तेव्हा मी न राहवून विचारले, की तुला कसली भीती नाही वाटली? तो म्हणाला, “वाटली ना, साहेब. तुम्ही खुर्चीवर बसलात तेव्हा मी माठाजवळ पाण्याचा पेला हातात धरून उभा होतो, आणि तुमचा उजवा हात डिलीटकडे जातो की काय तेच बघत होतो. गेला असता, तर समोर माझं नाव आलं असतं.”