मंजुरीपत्राच्या आधीची कामं

संशोधन प्रकल्प मंजूर झाल्याचं पत्र आलं की मेडिसिन विभागात पेढे वाटले जातात. आमच्याकडेही वाटले गेले. विषय पावसाळी तापाचा होता. 2018 साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची मोठी लाट आली, त्यानंतर आम्ही सगळेच या आजाराकडे सावधपणे पाहू लागलो होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली कुठेतरी काळी खपली सापडते, डॉक्सिसायक्लिन सुरू केलं की दोन दिवसांत ताप उतरतो. खपली सापडली नाही तर रुग्ण डेंग्यू, लेप्टो, मलेरियाच्या तपासण्यांत अडकून पडतो आणि कधी कधी हाती लागत नाही. आपल्या भागात अशा रुग्णांचं प्रमाण किती, एवढा साधा प्रश्न आम्हाला सोडवायचा होता. मी सहसंशोधक होतो.

पैसे कॉलेजच्या खात्यात जमा झाले फेब्रुवारीच्या अखेरीस. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपलं. तेवढ्यात जेम पोर्टलवरची खरेदी, प्रोजेक्ट असिस्टंटच्या मुलाखती, नेमणुकीचे आदेश, यातलं काहीही पुरं होणं शक्य नव्हतं. खर्च झाला नाही म्हणून उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे यूसीमध्ये, शिल्लक मोठी दिसली. शिल्लक मोठी म्हणून पुढचा हप्ता अडला. मधल्या काळात पाऊस सुरू होऊन वॉर्ड भरले. आम्ही नेमलेली मुलगी रात्री उशिरा वॉर्डात यायची, रक्ताच्या नळ्यांवर एकेक लेबल लावायची, सेंट्रिफ्यूजवर सीरम वेगळं करायची. आमचा डीप फ्रीझर आलाच नव्हता, त्यामुळे मायक्रोबायोलॉजीच्या फ्रीझरमधला एक कप्पा आम्ही मागून घेतला होता. तिचा पगार महिनोन् महिने निघाला नाही. शेवटी तिने दुसरीकडे नोकरी धरली, आणि तिला थांब म्हणण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. त्याच सुमारास मुख्य संशोधकांची बदली झाली. ते दुसऱ्या जिल्ह्यात, निधी आमच्या कॉलेजच्या खात्यात, सीरम तिसऱ्याच विभागात. अभ्यास तिथेच थांबला. ज्या रुग्णांनी संमतीपत्रावर सही करून रक्त दिलं, त्यांचं देणं आपल्यावर राहिलं असं मला आजही वाटतं.

यात लबाडी कुणीच केली नाही. लेखा विभाग नियमाने वागला, बदलीचा आदेशही नियमाने निघाला. म्हणूनच हे कुठल्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा घडू शकतं, आणि म्हणूनच मी हे लिहितो आहे.

तरुण सहकारी येऊन विचारतात, ‘सर, अर्ज कुठे करू?’ जागा पुष्कळ आहेत. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप 1979 पासून चालू आहे. दोन महिन्यांचं काम, आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक, आणि अहवाल मान्य झाल्यावर विद्यावेतन. एमडी-एमएसच्या प्रबंधासाठीही आयसीएमआर मदत देते, मात्र प्रबंधाचं वर्ष उलटून गेल्यावर जाग येणारेच जास्त दिसतात. शिकवायला लागलेल्या डॉक्टरांना नोकरीत राहून पीएचडी करता यावी म्हणून तरुण वैद्यकीय अध्यापकांची वेगळी योजना आहे. अनेक सरकारी कॉलेजांत आरोग्य संशोधन विभागाने दिलेलं मल्टिडिसिप्लिनरी रिसर्च युनिट, म्हणजे एमआरयू आहे. तिथे उपकरणं असतात, तंत्रज्ञ असतात. आपल्या कॉलेजात ते कुठल्या मजल्यावर आहे हे मेडिसिनच्या लोकांनाच ठाऊक नसतं, याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या केईएममध्ये डायमंड ज्युबिली सोसायटी ट्रस्ट आपल्याच संस्थेतल्या संशोधनाला पैसे देतो. पहिला प्रकल्प अशा लहान, घरच्या निधीवर करावा. आकडे हाताळायची, हिशेब ठेवायची सवय तिथे लागते.

मोठी झेप घ्यायची असेल तर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी 2008 मध्ये सुरू केलेली इंडिया अलायन्स आहे. रुग्णांवर आणि सार्वजनिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांसाठी तिथे स्वतंत्र फेलोशिप असतात. तिथे तुमच्या कल्पनेइतकंच तुमच्या संस्थेकडेही पाहिलं जातं: ही संस्था या माणसाला काम करू देईल का?

माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण इथेच आहे. अमेरिकेत एनआयएचचं के-23 नावाचं अनुदान रुग्णांवर संशोधन करणाऱ्या तरुण डॉक्टरांना मिळतं. त्यासाठी डॉक्टरचा किमान 75 टक्के वेळ संशोधनाला आणि त्याच्या प्रशिक्षणाला मोकळा ठेवू, अशी हमी संस्थेला द्यावी लागते (काही शस्त्रक्रिया शाखांना सवलत आहे). आपल्याकडे ओपीडी, राउंड, इमर्जन्सी, लेक्चर, परीक्षा आणि एनएमसीची तपासणी यांतून उरला तर वेळ, अशी रीत. पंचाहत्तर टक्के कुणी देणार नाही, मला ठाऊक आहे. पण आठवड्यातली एक ओपीडी कमी करा एवढं मागता येतं. ते तोंडी मागू नका. डीनच्या सहीचा आदेश घ्या आणि त्याची प्रत प्रस्तावाला जोडा. एचओडी बदलले की तोंडी आश्वासनं त्यांच्याबरोबर जातात.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी खेड्यातल्या दवाखान्यात विंचूदंशावर प्राझोसिनचं काम उभं केलं आणि ते लॅन्सेटपर्यंत नेलं. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्यांचं उदाहरण देऊन ‘मनात असेल तर होतं’ असं जेव्हा डीन म्हणतात, तेव्हा तुम्ही नम्रपणे पण ठामपणे वेळच मागा.

बदलीचा विचार पहिल्या दिवशी करा. प्रस्तावातच असा सहसंशोधक घ्या, जो मुख्य संशोधक गेल्यावर प्रकल्प हातात घेऊ शकेल, आणि तसं त्याच्याशी बोलून ठेवा. मुख्य संशोधक बदलायला निधी देणाऱ्या संस्थेची परवानगी लागते, दोन्ही कॉलेजांची पत्रं लागतात. बदलीची कुणकुण लागली की हालचाल सुरू करावी, रुजू होऊन आल्यावर नव्हे. लेखा विभागातल्या बाबूंना प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच भेटा. निधीसाठी वेगळं खातं उघडेल का, कंत्राटी पगाराचं बिल कुणाच्या सहीने निघेल, यूसीवर सनदी लेखापालाची सही कोण आणेल, हे विचारून लिहून ठेवा. मार्चच्या तोंडावर पैसे येणार असं दिसलं तर खर्चाचं वेळापत्रक बदलण्याचं पत्र आधीच पाठवता येतं.

प्रशिक्षणाबद्दल माझा आग्रह जरा वेगळा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा ऑनलाइन बेसिक कोर्स आता पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तो करून टाकावा, उपयोगाचा आहे. पण व्हिडिओ पाहून प्रोटोकॉल लिहिता येत नाही. तो लिहून, खोडून घेऊन, पुन्हा लिहूनच येतो. टाटा मेमोरियल सेंटर आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांनी 2015 मध्ये सुरू केलेल्या क्रेडो या निवासी कार्यशाळेत कर्करोगावर काम करणारे डॉक्टर कल्पना घेऊन येतात आणि पुरा प्रोटोकॉल घेऊन परततात. ज्येष्ठ संशोधक आणि संख्याशास्त्रज्ञ शेजारी बसून एकेक वाक्य तपासतात. मेडिसिन विभागांसाठी असं काही आपल्या राज्यात नियमित व्हावं, असं मला फार वाटतं. तोवर निदान एवढं करा: नमुना संख्या ठरवण्याआधी संख्याशास्त्रज्ञाकडे जा. डेटा गोळा झाल्यावर गेलात तर त्याच्या हातात काही उरत नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी हवीच. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली ट्रायल चांगली नियतकालिकं घेत नाहीत.

परदेशी विद्यापीठातल्या ओळखीच्या प्राध्यापकाने भागीदारी सुचवली तर जरूर करा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजने जॉन्स हॉपकिन्सबरोबर वर्षानुवर्षं असं काम करून एचआयव्ही आणि क्षयाच्या संशोधनात माणसं घडवली आहेत. मात्र परदेशी पैसा असेल तर आयसीएमआरमार्फत हेल्थ मिनिस्ट्री स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, आणि नमुने देशाबाहेर पाठवायचे असतील तर तो मुद्दा त्याच अर्जात स्पष्ट लिहावा लागतो. कामाचं वेळापत्रक आखताना या मंजुरीचे महिने आधी धरा, आणि एथिक्स कमिटीचा अर्ज त्याच्याबरोबरच चालू करा.