माडीवरील लांकडी जमीन

जुन्या घराच्या माडीवर पाऊल टाकलें कीं फळ्या करकरतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या अनुभवाचें असेल. ह्या फळ्या बहुधा अस्सल सागवानी असतात. परंतु वर्षानुवर्षांच्या मळानें व काळवंडलेल्या रोगणानें त्यांचें मूळ रूप इतकें झांकून जातें कीं त्या उखडून फरशी बसवावी, असें घरोघरीं बोललें जातें. आमच्या घरींही हाच विचार चालला होता. अखेर गेल्या मार्गशीर्षांत आम्ही घरच्या मंडळींनींच ती जमीन घांसून पुन्हां नीट केली. त्या कामीं आम्हांस जें कळलें, आणि जें चुकलें, तें येथें सांगतों.

प्रथम फळीची जाडी पाहावी. जिन्याच्या तोंडाशीं फळीची कड उघडी असते; तेथें पट्टी लावून ती मोजतां येते. यंत्रानें एकदां पूर्ण घांसलें म्हणजे सुमारें पाऊण मिलिमीटर लांकूड जातें, आणि गेलेलें लांकूड परत येत नाहीं. शिवाय माडीच्या फळीखालीं दुसरा आधार नसतो. दोन तुळयांच्या मधल्या जागीं आपला सारा भार तीच पेलते. म्हणून जेथें धुवून पुसून मेण लावल्यानें भागेल तेथें घांसूं नये. फळीवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मण्यासारखा उभा राहिला तर रोगण शाबूत आहे. मुरून काळा डाग पडला तर तें संपलें असें समजावें.

जमिनीवर जुना तेलरंग असेल तर मात्र पालकांनीं थांबावें. पूर्वीं अशा रंगांत शिसें घालीत असत. भारतांत घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांस ९० भाग ठरविणारे नियम २०१६ सालीं झाले. तो रंग कोरडा घांसला तर शिशाची धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांच्या पोटांत गेल्यास त्यांच्या मेंदूस कायमची इजा करिते. तपासून घेतल्यावांचून त्यास हात लावूं नये. सुदैवानें आमच्या फळ्यांवर रंग नव्हता.

कामास कोरडे दिवस चांगले. लांकूड हवेंतील ओल शोषून रुंदींत फुगतें. लांबींत तें जवळजवळ मुळींच वाढत नाहीं. वैशाखांत फळ्यांमध्यें ज्या फटी दिसतात त्या ह्यामुळेंच. त्या लुकण भरून बुजविण्याचा मोह होतो खरा. पण आषाढांत फुगलेल्या फळ्या तें लुकण दाबून बाहेर काढतात.

खिळ्यांचीं डोकीं आधीं फळीच्या आंत ठोकून बसवावीं. नाहीं तर तीं कागद फाडतात, आणि यंत्राची ठिणगी उडाल्यास भुसा पेटण्याचें भय असतें. कांचकागदावरील अंक जितका मोठा तितका त्याचा दाणा बारीक. आम्ही ६०, ८० व १२० ह्या क्रमानें घांसलें, तेंही नेहमीं लांकडाच्या रेषांच्या दिशेनें. मधली पायरी गाळली तर जाड दाण्याचे ओरखडे तसेच राहतात, आणि तेल चढल्यावर तेच आधीं डोळ्यांत भरतात. नाकातोंडास फडकें बांधणें अवश्य आहे. सागाच्या धुळीनें कित्येकांच्या अंगास खाज सुटते व शिंका येतात.

आमची चूक घडली ती यंत्रानें. भाड्यानें आणिलेल्या यंत्राचा फिरता रूळ चालतांनाच खालीं टेकवावयाचा व थांबण्यापूर्वीं उचलावयाचा असतो. खालून हांक आली म्हणून आम्ही ओ देण्यास क्षणभर थांबलों, रूळ मात्र टेकलेलाच! तेवढ्यांत खिडकीजवळ वाटीच्या बुडाएवढा खळगा पडला. यंत्र त्याच सायंकाळीं परत केलें. उरलेली जमीन हातानें घांसावयास सहा दिवस लागले.

स्पिरिटांत विरघळविलेली चपडा लाख लावण्याची जुनी रीत दिसावयास सुरेख, पण गरम भांड्यानें तीवर पांढरे डाग पडतात. म्हणून आम्ही उकळलेलें जवसाचें तेल घेतलें. पातळ हात द्यावा, पाव तासानें वरचें तेल पुसून काढावें, व पुरतें वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. आम्ही तीन दिले.

ह्या तेलाचा एक गुण प्रत्येकानें जाणावा. तें पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, व तसें होतांना उष्णता सोडतें. जमिनीवर ती उष्णता निघून जाते. परंतु तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकला तर ती आंत कोंडते, आणि कोणी काडी न ओढतां चिंध्या आपोआप पेटतात. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं वन मेरिडियन प्लाझा ह्या ३८ मजली इमारतीस अशाच चिंध्यांनीं आग लागली, व तींत अग्निशामक दलाचे तीन जवान मृत्यु पावले. तेथेंही लांकडी कामासच तेल देणें चाललें होतें. आमच्या चिंध्या आम्ही अंगणांतील दोरीवर एकेक सुटी पसरून वाळविल्या.

फळ्यांचा रंग आतां मधासारखा दिसतो. खळगा आहे तेथेंच आहे. त्यावर आईनें आपलें शिवणयंत्र ठेविलें आहे.